रिकाम्या मैदानाचा रसिक

खेळाचा हंगाम संपला की खेळाविषयीचे बोलणेही संपते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी जे. पी. नगरातील एखाद्या तळ्याकाठी सायंकाळी तासभर बसून पाहावे. सरक्कीच्या किंवा पुट्टेनहळ्ळीच्या तळ्याभोवती फेऱ्या घालणारी मंडळी कन्नड, तमिळ, तेलुगू आणि अधूनमधून मराठी अशा चार भाषांतून क्रिकेटवर बोलत असतात, आणि त्या वेळी सामना मात्र कोठेच चालू नसतो. २०२५ च्या जूनपासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत या बोलण्याला दोन प्रश्नांनी व्यापिले होते. संघाला यापुढे शिकविणार कोण, आणि संघ खेळणार कोठे?

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या बोलण्याचाच. सामन्याची समीक्षा करणारे पुष्कळ आहेत. प्रेक्षकाची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. वास्तविक आपल्या साहित्यशास्त्राने प्रेक्षकाला इतके उपेक्षिलेले नाही. अभिनवगुप्ताच्या मते रसाचे खरे स्थान सहृदयाचे चित्त होय; आणि म्हणूनच रसाच्या आड येणारी विघ्ने सांगताना त्याने प्रेक्षकाच्या मनातील एका विघ्नाचा मुद्दाम निर्देश केला आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असेल, तर समोरचे नाट्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. खेळाच्या रसिकाला हीच कसोटी लावून पाहिली तर काय दिसते? हंगाम चालू असताना ती लावणे अवघड. कारण षटकार गेला की सारेच सहृदय होतात. पारख होते ती मैदान रिकामे असताना.

प्रथम प्रशिक्षकाचा प्रश्न घेऊ. रॉयल चॅलेंजर्स हा बंगळूरचा संघ २००८ साली जन्माला आला तेव्हा त्याचे प्रशिक्षक होते वेंकटेश प्रसाद. पहिलाच हंगाम वाईट गेला आणि पुढल्या वर्षी त्यांच्या जागी रे जेनिंग्ज आले. त्यांच्यामागून डॅनिएल व्हेटोरी, मग गॅरी कर्स्टन, मग सायमन कॅटिच, मग मूळचे बीडचे संजय बांगर, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून अँडी फ्लॉवर. प्रत्येक बदलाच्या वेळी रसिकांची प्रतिक्रिया ठरलेली. जाणारा निरुपयोगी होता हे आपण पूर्वीच ओळखले होते. येणारा परका आहे, त्याला येथील खेळपट्टीचे मर्म काय कळणार? आणि २०२५ च्या ३ जूनला, अठराव्या हंगामात, अहमदाबादेस पंजाबचा ६ धावांनी पराभव करून संघाने चषक जिंकला तेव्हा तोच परका प्रशिक्षक एका रात्रीत घरचा झाला. त्या हंगामात गोलंदाजांना शिकविणारे ओंकार साळवी हे मुंबईचे असल्याची आठवण तळ्याकाठच्या मराठी मंडळींना झाली ती चषक हाती आल्यावर, त्यापूर्वी नव्हे.

या वृत्तीचा दोष विस्मरणाहून खोल आहे. रसिक प्रशिक्षकाकडे कारण म्हणून पाहतो, माणूस म्हणून पाहत नाही. पराभवाला एक नाव हवे असते, आणि ते नाव शक्यतो मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे असावे. म्हणजे आवडत्या फलंदाजाला धक्का लागत नाही. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या आपल्या वाचकांना हा न्याय अपरिचित नसावा. कामाची घडी मागल्या माणसाने बसवावी वा बिघडवावी, आणि यश वा दोष मात्र चार्ज घेतलेल्याच्या नावावर चढावा, हा अनुभव कचेरीतही येतोच. असे असताना, कचेरीत ज्याला अन्याय म्हणतो तोच खेळाच्या बाबतीत आपण बिनदिक्कत करतो, याचे आश्चर्य वाटते.

अमोल मुजुमदार यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. १९८८ साली शारदाश्रम शाळेसाठी तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. पुढे रणजी पदार्पणात त्यांनी २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११,००० हून अधिक धावा जमविल्या. पण भारताकडून खेळण्याची पाळी काही आली नाही. भारतीय महिला संघाचे प्रशिक्षकपद २०२२ च्या डिसेंबरात मोकळे झाले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे आले. २०२५ च्या विश्वचषकात संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला तेव्हा, जो स्वतः कधी भारताकडून खेळला नाही तो काय शिकविणार, अशी भाषा तळ्याकाठीही ऐकू आली. २ नोव्हेंबरला संघाने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून चषक जिंकला. त्यासरशी तीच वस्तुस्थिती गुणांच्या बाजूला मांडण्यात आली. ज्याने आयुष्यभर वाट पाहिली तोच धीर शिकवू शकतो, असे आता सारे म्हणू लागले! दोन्ही विधाने सारख्याच उथळपणे केलेली. तीन पराभव आणि एक विजय यांच्या दरम्यान मुजुमदार बदलले नव्हते. बदलला होता धावफलक. धावफलकाकडे पाहून माणसाची किंमत लिहिणे याला हिशेब म्हणता येईल; समीक्षा म्हणता येणार नाही.

आता मैदानाचा प्रश्न. येथे विषय अधिक गंभीर होतो.

चिन्नस्वामी मैदानावर पहिला कसोटी सामना १९७४ च्या नोव्हेंबरात वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. रिचर्ड्स आणि ग्रीनिज हे दोघे कसोटी क्रिकेटमध्ये प्रथम उतरले ते येथेच. त्याच दौऱ्यात, १९७५ च्या जानेवारीत, मुंबईच्या वानखेडे मैदानाचे कसोटीपर्व सुरू झाले. म्हणजे ही दोन्ही मैदाने एकाच पाहुण्याच्या हाताने उंबरठा ओलांडलेली भावंडे आहेत. वानखेडेवरील त्या सामन्यात लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे अभिनंदन करण्यासाठी धावत आत गेलेल्या एका तरुणास पोलिसांनी मारहाण केली आणि प्रेक्षकांत दंगल उसळली. प्रेक्षकाचे प्रेम आणि मैदानाची व्यवस्था यांची टक्कर आजची नव्हे.

२०२५ च्या ४ जूनला, विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, चिन्नस्वामी मैदानाच्या दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ माणसे मृत्युमुखी पडली. ५० हून अधिक जखमी झाली. मृतांतले बहुतेक तिशीच्या आतले होते. सुमारे ३५,००० माणसे मावतील अशा जागी दोन-तीन लाखांचा समुदाय लोटल्याचे मुख्यमंत्र्यांनीच सांगितले. निवृत्त न्यायमूर्ती जॉन मायकेल डिकुन्हा यांच्या आयोगाने जुलैत अहवाल दिला. त्यात मोठ्या समुदायाच्या कार्यक्रमांना हे मैदान योग्य नाही, येथील दारे थेट पदपथावर उघडतात, रांगेला उभे राहण्यास रस्त्यावाचून जागा नाही, असे दोष दाखविले. परिणाम ओळीने घडत गेले. महाराजा चषकाचे सामने म्हैसुरास गेले. महिला विश्वचषकाचे बंगळूरचे सामने हलले आणि यजमानांच्या यादीत बंगळूरच्या जागी नवी मुंबई आली. डिसेंबरात विजय हजारे चषकाचा एक सामना ऐनवेळी शहराबाहेरच्या मैदानावर, प्रेक्षकांवाचून खेळविला गेला. त्याआधी नोव्हेंबरात संघाच्या मालक कंपनीने या गुंतवणुकीचा फेरविचार करीत असल्याचे जाहीर केले होते. महिला संघाचे प्रशिक्षकही त्याच महिन्यात बदलले. पुढे जानेवारीत सरकारने मैदानाला अटींसह परवानगी दिली.

या सात महिन्यांत रसिकांनी जे शोकगीत आळविले त्याचे धृपद एकच होते: ‘आमचे मैदान गेले.’ या वाक्यातील ‘आमचे’ या शब्दाची परीक्षा केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मैदानाविषयी जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. ज्या बाकावर बसून बापाने विश्वनाथाचा कट पाहिला त्या बाकावर मुलाने बसावे, ही इच्छा सुसंस्कृत आहे. पण शोकाला क्रम असतो. जेथे ११ घरांतील माणसे परत आली नाहीत तेथे सामने परगावी गेल्याचा शोक पहिला येतो, तेव्हा त्या शोकात रस उरत नाही, केवळ हक्क उरतो. अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न ते हेच. आमचा चषक, आमचे मैदान, आमची वंचना, एवढ्यातच मन अडकले की दुसऱ्याचे दुःख समोर असूनही दिसत नाही.

याच्या शेजारी अमेरिकेतील ओकलंडच्या बेसबॉलप्रेमींचे उदाहरण ठेवून पाहावे. अ‍ॅथलेटिक्स हा तेथील संघ फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीस आणि तेथून १९६८ साली ओकलंडला आलेला. मालकाने तो लास व्हेगासला नेण्याचे ठरविल्यावर २०२३ च्या १३ जूनला एरवी ओस पडणाऱ्या मैदानात २७,७५९ लोक मुद्दाम तिकिटे काढून आले, आणि संघ विकून टाका पण हलवू नका, असा त्यांनी घोष केला. उपयोग झाला नाही. २०२४ च्या २६ सप्टेंबरला तेथे अखेरचा सामना झाला आणि संघ तात्पुरता सॅक्रमेंटोला गेला. त्यांचे मैदान पैशाच्या हिशेबाने गेले; त्यात त्यांचा दोष नव्हता, म्हणून त्यांचा शोक निर्मळ होता. आपल्या मैदानाची दारे बंद झाली ती मृत्यूमुळे. या दोन दुःखांना एकच नाव देणे भाषेचा गैरवापर होय.

याच जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह आहे. शंकर नाग यांच्या स्मृत्यर्थ अरुंधती नाग यांनी ते २००४ साली उभे केले. दोघांचाही नाट्यप्रवास मुंबईच्या रंगभूमीवर सुरू झालेला, ही आपल्याला जवळची गोष्ट. नाटक सुरू झाल्यावर कोणासही आत सोडावयाचे नाही, हा तेथील नियम प्रसिद्ध आहे. प्रारंभी त्याचा अनेकांना राग येई; पुढे तोच त्या घराचा लौकिक झाला. दाराचा नियम हा रसास्वादाचाच भाग आहे, ही समज त्या एका नियमाने प्रेक्षकाला दिली. आपल्या संगीत रंगभूमीचा इतिहासही येथे आठवतो. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. १९१८ साली दीनानाथही गेले. नट गेले, मालक बदलले, गावोगावची थिएटरे बदलली. रसिकांचे तट पडले, वाद झाले. पण त्या वादातील पुष्कळसे बोलणे गाण्याविषयी होते. नव्या मंडळीत पद कसे रंगते, जुन्या मंडळीत काय उणे झाले, हे ते रसिक कानाने ठरवीत.

यावर कोणी म्हणेल, तीनशे माणसांच्या नाट्यगृहाचा दाखला लाखांच्या जमावाला लावणे अन्यायाचे आहे. आणि दोष जमावाचा नसून ज्यांनी त्याला बोलावले आणि व्यवस्था केली नाही त्यांचा आहे. आक्षेपाचा उत्तरार्ध मला पूर्णपणे मान्य आहे. जे गेले ते रसिकच होते. त्यांच्यावर बोट उगारणे निर्दयपणाचे होईल. माझे म्हणणे जे मागे राहिले त्यांच्यापुरते आहे. व्यवस्था ज्यांची होती त्यांना जाब विचारण्याचा पहिला अधिकार रसिकांचा होता. सात महिने बोलावयास मोकळे मिळाले असताना त्यांनी तो वापरला किती, आणि पुढला सामना केव्हा, हे विचारण्यात वेळ दवडला किती? दारे रुंद झाली का, रांगेला जागा मिळाली का, हा प्रश्न तळ्याकाठी मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकला. दैवयोग असा की, त्या दारांची जबाबदारी डिसेंबरात राज्य क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष म्हणून आली ती वेंकटेश प्रसाद यांच्याकडेच. पहिल्या हंगामानंतर ज्यांना रसिकांनी सहज विसरून टाकले होते, त्यांच्याकडे.

आपणा मराठी माणसांची परीक्षा या प्रकरणात वेगळी झाली, आणि तीत आपण फार गुण मिळविले असे म्हणवत नाही. विश्वचषक नवी मुंबईस गेला, तेथेच जिंकला गेला, प्रशिक्षक मुंबईचा, सलामीची स्मृती मानधना सांगलीची. २ नोव्हेंबरच्या रात्री आपल्या घरांतून जो आनंद उसळला तो खराच होता. पण तो आनंद ज्या वाटेने आपल्याकडे आला ती वाट ११ मृत्यूंवरून आलेली होती, हे ज्या गावाने आपल्याला घर दिले त्या गावात बसून विसरणे शोभणारे नव्हते. शेजारी कन्नड गृहस्थ अभिनंदन करावयास आले, त्यांच्या अभिनंदनात एक किंचित विराम होता. तो विराम ज्याला ऐकू आला तो सहृदय. ज्याला ऐकू आला नाही त्याने केवळ सामना पाहिला.

प्रशिक्षक येतील आणि जातील. मैदानाला परवानगी मिळेल, कदाचित उद्या दुसरे मैदानही उभे राहील. रसिक मात्र तोच राहणार. पुढच्या वेळी दारातून आत जाताना त्याने क्षणभर थांबून ते दार किती रुंद आहे हे पाहिले, आणि बाहेर येताना जिंकणाऱ्याइतकेच शिकविणाऱ्याविषयीही न्यायाने बोलला, तर रिकाम्या मैदानाचे ते महिने वाया गेले नाहीत असे म्हणता येईल.