‘पुनःसंमीलन’ : एका संज्ञेची चिकित्सा

हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णिलेल्या लसीका-व्याधीतील बहुकेंद्रकी महापेशी स्टर्नबर्ग (१८९८) व रीड (१९०२) यांच्या नावांनी ओळखल्या जातात. ‘बहुकेंद्रकी’ हे विशेषण केवळ लक्षण सांगते; उत्पत्तीविषयी ते मौन पाळते. भिन्न पेशी एकत्र मिळाल्या, की पेशी न दुभंगता केवळ केंद्रक विभागले, हा वाद त्यामुळेच दीर्घकाळ टिकला.

क्युपर्स व सहकारी यांनी २००१ मध्ये जनुकीय पुराव्याने भिन्न पेशींच्या मिलनाचा पक्ष बाद ठरविला. पुढे २०१३ मध्ये रेंग्स्टल, हान्समन व सहकारी यांनी संवर्धित पेशींचे सलग सूक्ष्मचित्रण करून दाखविले की, एककेंद्रकी पेशी विभागते, तिच्या कन्यापेशी सूक्ष्मनलिकांच्या बंधाने जोडलेल्या राहतात आणि त्यांपैकी काही पुन्हा एकजीव होतात. निरीक्षण मोलाचे आहे. परंतु त्यास दिलेले ‘पुनःसंमीलन’ हे नाव तपासून पाहणे प्राप्त आहे.

‘पुनः’ या अव्ययात आधीचा वियोग गृहीत असतो. मिताक्षरेतील ‘संसृष्टी’ याच अर्थाची होय : विभाग पूर्ण झाल्यावरच पुन्हा एकत्र येणे संभवते, आणि तेही पिता, भ्राता वा पितृव्य यांच्याशीच, परक्याशी नव्हे. (२००१ चा निष्कर्ष या दुसऱ्या अटीशी सहज जुळतो, हा योगायोग गमतीचा खरा.) प्रश्न पहिल्या अटीचा आहे. घनसावंगीकडील शेतकरी कुटुंबात चुली वेगळ्या झाल्या, पण शेतात बांध पडला नाही, तर भाऊ ‘पुन्हा एकत्र आले’ असे कोणी म्हणणार नाही. वाटणीच अपुरी राहिली, असे म्हणतील. अपूर्ण विभाजन मूळ लेखकांनीही मान्य केले आहे, किंबहुना शीर्षकातच नोंदविले आहे. मग प्राधान्य दुसऱ्या पदास का?

झाव्हिएर द कार्व्हाल्यू व सहकारी यांनी २०१५ मध्ये हीच घटना अंतिम विच्छेदाचे अपयश म्हणून वर्णिली. हे नाव अधिक काटेकोर वाटते. भेद केवळ शाब्दिक नव्हे. ‘संमीलन’ म्हटले की अभ्यासक पेशीपटले जोडणारी यंत्रणा शोधू लागतो. ‘विच्छेदाचे अपयश’ म्हटले की सेतू का तुटला नाही, हे विचारतो.

तथापि, चित्रणात कन्यापेशी एकमेकींपासून दूर सरकून मग परत येताना दिसतात. तेवढ्या अंशाने ‘पुनः’ला आधार आहे, ‘संमीलना’ला मात्र तो अपुरा पडतो. मराठीत ‘अपूर्ण विभाजनोत्तर एकीकरण’ ही संज्ञा बोजड असली, तरी तूर्त तीच स्वीकारावी.