गॉथ : काळे कपडे आणि अंधारं गाणं

आजचा विषय नळदुर्गात जरा परका वाटेल. गॉथ म्हटलं की लोकांना काळे कपडे, पांढरा चेहरा, डोळ्यांत भरपूर काजळ एवढंच दिसतं. मला ते गाणं आवडतं, गेली कित्येक वर्षं आवडतं. का आवडतं ते आज सांगतो, आणि कुठे आवडत नाही तेही.

आधी शब्द. गॉथ ही युरोपातली एक जमात. त्यांच्या एका शाखेनं इ. स. 410 मध्ये रोम लुटलं. पुढे हजारभर वर्षांनी इटलीतल्या विद्वानांनी मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या चर्चना 'गॉथिक' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे रानटी. शिवीच होती ती. 1764 मध्ये होरेस वॉल्पोलनं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी काढली. किल्ला, तळघर, शाप, पळणारी मुलगी असा सगळा ऐवज. तिथून भीतीची गोष्ट म्हणजे गॉथिक गोष्ट झाली.

आता आपल्या गावाचा यात संबंध काय? आहे. 1853 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा इथला कारभार बघायला आले ते फिलिप मेडोज टेलर. त्याआधी, 1839 मध्ये, त्यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' छापून झाली होती आणि लंडनमध्ये गाजली होती. रात्र, रुमाल, विश्वासघात, खड्ड्यात पुरलेली प्रेतं. माणूस म्हणून टेलर रयतेला बरे वाटले असतील, मी त्यांच्यावर राग धरत नाही. पण त्या पुस्तकानं इंग्रज वाचकाला एक सोय करून दिली : भीती ही दूरची, काळ्या माणसांच्या मुलखातली गोष्ट आहे, आपल्या घरात ती नाही.

गॉथ संगीतानं ही सोय काढून घेतली. माझ्या मते त्याचं पहिलं मोठेपण हेच. 1979-80 च्या सुमाराचं इंग्लंड बघा. कारखाने बंद पडतायत, आणि जानेवारी 1982 मध्ये बेकारांचा आकडा 30 लाखांच्या वर गेला. जॉय डिव्हिजन हा बँड मँचेस्टरचा, म्हणजे कापडगिरण्यांच्या शहराचा. सोलापूरची जुनी मिल आणि तिच्या भोवतालचा पसारा ज्यांनी पाहिलाय त्यांना ते गाणं समजावून सांगायला लागत नाही. बाउहाउस हा बँड नॉर्दॅम्प्टनचा, चपला-बूट बनवणाऱ्या गावाचा. भूत बाहेरून आलेलं नव्हतं. ते त्यांच्याच गल्लीत, बंद शटरच्या आड बसलेलं होतं.

बाउहाउसचं 'बेला लुगोसीज डेड' हे 1979 चं गाणं जरा नीट ऐकू या. बेला लुगोसी म्हणजे 1931 च्या सिनेमातला ड्रॅक्युला. 1956 मध्ये गेला तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. गाणं नऊ मिनिटांच्या वर आहे. आधी नुसता ड्रम, तोही थोडा नाचरा. मग बास गिटारचे उतरत जाणारे मोजके स्वर, पुन्हा पुन्हा तेच. गिटार सूर वाजवतच नाही. ती खरवडते, पंख फडफडल्यासारखा आवाज काढते, आणि त्या आवाजाचा प्रतिध्वनी लांबवर जात राहतो. प्रतिध्वनीची ही युक्ती त्यांनी जमैकाच्या डब संगीतातून उचलली. गायक पीटर मर्फी जवळजवळ तीन मिनिटं तोंडच उघडत नाही! आपण वाट बघत राहतो. भीती त्या वाट बघण्यात आहे, शब्दांत फारशी नाहीच. शब्द खरं तर थोडे गमतीचे आहेत.

पावसाळ्यात पाणीमहालात उभं राहिलेल्यांना एक गोष्ट आठवेल. बोरी नदी धरणावरून खाली कोसळते आणि आपण भिंतीच्या पोटात, कोरड्या खोलीत उभे. आवाज इतका अखंड की थोड्या वेळानं तो ऐकू येणं थांबतं, नुसता छातीत जाणवतो. या संगीतातला बास तसा आहे. (ते धरण ज्याच्या काळात झालं तो दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः गाण्यातला माणूस, 'किताब-ए-नवरस' त्याचीच. त्याला प्रतिध्वनीतलं कळत असणार.)

बाकीचे बँड भराभर सांगतो. सुझी अँड द बॅन्शीजमधली सुझी ही गाण्यातही आणि काजळातही बऱ्याच जणांची गुरू. लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सीनं ड्रमवाल्याच्या जागी यंत्र ठेवलं आणि त्याचं बारसंही केलं, डॉक्टर अ‍ॅव्हलांच! त्यांचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच आपल्याला गॉथ म्हटलेलं अजून सहन करत नाही. द क्युअरचा रॉबर्ट स्मिथही नाही. आपल्याकडे कवीला निसर्गकवी म्हटलं की तो चिडतो, तसंच.

कपड्यांबद्दल आता. 1982 मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला आणि गाण्याला पोशाख मिळाला. आपल्याकडे काळं चालतं ते संक्रांतीला, एरवी शुभकार्यात कुणी काळं घातलं तर आजी हाक मारून बदलायला लावते. ही मुलं बारा महिने संक्रांत करून बसली. हसू येतं, येऊ द्या. पण ऑगस्ट 2007 मध्ये लँकेशायरमधल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र रात्री बागेतून जात होते. पोरांच्या टोळक्यानं दोघांना मारलं, कारण त्यांचा वेष. सोफी वाचली नाही. 2013 पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलिस अशा वेषावरून झालेल्या हल्ल्यांची नोंद द्वेषाचे गुन्हे म्हणून करू लागले. बेकप हे छोटं गाव आहे, मंडळी. मोठ्या शहरात वेगळं दिसणं स्वस्त पडतं. छोट्या गावात प्रत्येक पारावर त्याची किंमत मोजावी लागते, हे मी इथल्या मुलामुलींना सांगायला नको.

आता तक्रार. 1985 नंतरचं पुष्कळ गॉथ मला कंटाळवाणं वाटतं. पोशाख ठरला, मग त्या पोशाखाला शोभेल असं गाणं शिवायला लागले. थडगी, वटवाघळं, मखमल. सिस्टर्सच्या 'फ्लडलँड'मध्येही, 1987 च्या, हा थाट आहे. पण तिथे निदान थाट करणाऱ्याला आपण थाट करतोय हे ठाऊक आहे. नकलाकारांना ते ठाऊक नसतं. पडक्या वास्तूंचं प्रेमही मला खटकतं. किल्ल्याच्या शेजारी राहणाऱ्याला पडकी भिंत म्हणजे डागडुजीचा खर्च.

लोक म्हणतात, हे उदास गाणं ऐकून पोरं बिघडतील. आपल्या संतांच्या भाषेत 'उदास'चा अर्थ अलिप्त असाही आहे. चांगल्या गॉथमध्ये दोन्ही अर्थ एकत्र असतात : दुःख आहे, आणि त्याच्याकडे थोडं लांबून, ठेक्यावर पाय हलवत बघणंही आहे. कारण हे नाचायचं संगीत आहे हो! आपल्याकडे गोंधळ रात्रभर चालतो, संबळ थांबत नाही, आणि त्याच ठेक्यावर आख्यानात रडू येतं. दोन्हींत नातं आहे असं मी म्हणत नाही. पण संबळ ऐकलेल्या कानाला ठेक्यावरचं दुःख विचित्र वाटू नये.

सुरुवात कुठून करायची? क्युअरच्या 'डिसइंटिग्रेशन'पासून, 1989 चं. ते गोड आहे, घरचे दार वाजवणार नाहीत. मग मागे या, त्यांच्याच 1982 च्या 'पोर्नोग्राफी'कडे. नाव तसलं असलं तरी आत फक्त ढोल आणि निराशा आहे. मग 'बेला लुगोसी'. ते मात्र मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यात बास ऐकूच येत नाही.