निरंतर वैद्यकीय शिक्षणाची भाषा : नाशिकच्या निमित्ताने एक चिकित्सा

पदवी घेऊन व्यवसायात पडलेल्या डॉक्टराने, परिचारिकेने किंवा गावपातळीवरील आरोग्यसेविकेने पुढेही शिकत राहिले पाहिजे, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. मतभेद आहेत ते या शिकण्याचे रूप कोणते असावे यासंबंधी. आणि त्या चर्चेत भाषेचा प्रश्न आला तर बहुधा अखेरीस, उपचारापुरता येतो. प्रस्तुत लेखात तो आरंभीच घेतला आहे. कारण असे की, रुग्ण आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतो आणि वैद्यकाचा जाणकार ज्या शब्दांत ते शिकलेला असतो, त्या दोन शब्दसृष्टींमधील अंतर हाच निरंतर शिक्षणाचा एक मोठा विषय आहे, आणि तो विषय केवळ वैद्यकशास्त्रज्ञांवर सोपवून भाषेच्या अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही.

या दृष्टीने नाशिकची भूमी विचाराला सोयीची आहे. १९९८ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथे म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर आहे. आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या अशा सर्व शाखांची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत आणि त्याचे क्षेत्र अवघा महाराष्ट्र आहे. शहराच्या दुसऱ्या अंगाला, गंगापूर धरणाजवळ, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ज्यांना महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडता आला नाही अशांसाठी मराठीतून शिक्षण देणे हे त्याचे प्रयोजन. एक संस्था शिकलेल्यांना अधिक शिकविणारी, दुसरी न शिकलेल्यांपर्यंत जाऊ पाहणारी. या दोहोंमधील अंतर नकाशावर काही मैलांचे आहे. परंतु त्यांच्या वैद्यकीय मजकुराची भाषा ताडून पाहिली तर ते अंतर बरेच मोठे भासते.

प्रथम डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाची प्रचलित रीत पाहू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत वैद्यकाने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घ्यावा असे सांगितले आहे, आणि महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणाशी श्रेयांकांची सांगड घातलेली आहे. म्हणजे वर्षाला सरासरी सहा तास. संख्येची अल्पता हा माझा आक्षेप नाही. मोजण्याच्या वस्तूविषयी आक्षेप आहे. येथे मोजली जाते ती उपस्थिती. व्याख्यान कोणी दिले, कोणत्या विषयावर दिले, किती वेळ दिले, याची नोंद होते. ऐकणाऱ्याच्या हातून दुसऱ्या दिवशी कोणती गोष्ट वेगळी घडली याची होत नाही. ही पद्धत आपण निर्माण केली असेही नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने १९७१ मध्ये परवान्याच्या नूतनीकरणासाठी असे शिक्षण प्रथम सक्तीचे केले आणि तेथून तासांचे हे गणित पसरत गेले. त्याच देशातील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९९९ मध्ये डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष मांडला की, निव्वळ व्याख्यानाने डॉक्टरांच्या आचरणात फरक पडल्याचे दिसत नाही; ज्या सत्रांत शिकणाऱ्यांना बोलते केले जाते, हाताने काही करावयास लावले जाते, त्यांचा परिणाम होऊ शकतो. या निष्कर्षाला पाव शतक लोटले. आपल्याकडील सत्रांचा साचा मात्र पुष्कळसा व्याख्यानाचाच राहिला आहे.

एक अनुभव येथे नमूद करतो. स्थळ आणि संस्था सांगण्याचे प्रयोजन नाही. बालकांच्या श्वसनविकारांवरील अशा एका सत्रास श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. दोन तास इंग्रजीतून व्याख्यान झाले. वक्ते विद्वान होते आणि मजकूर निर्दोष होता. सभागृहाच्या मागील बाजूस काही परिचारिका बसल्या होत्या. प्रश्नोत्तरांची वेळ आली तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही उठले नाही. चहाच्या वेळी मात्र त्यांतील एकीने वक्त्यांना मराठीत विचारले, “सर, आई म्हणते ‘पोट उडतंय’, तेव्हा ते धरायचं का?” मला त्या दिवशीचे सर्वांत उपयुक्त शिक्षण त्या तीन मिनिटांत झाले असे वाटते. श्रेयांकाच्या हिशेबात ती तीन मिनिटे अर्थातच आली नाहीत.

‘पोट उडणे’ हा शब्दप्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या मुलाचा श्वास जलद होतो, बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो. आईला ते पोटाच्या हालचालीत दिसते आणि ती तसे म्हणते. काही भागांत याच आजाराला ‘डबा’ म्हणतात. या शब्दांत निरीक्षण आहे. ते शास्त्रशुद्ध नसेल, परंतु खोटे नाही. आणि जी परिचारिका हा शब्द ओळखते ती मूल वेळेवर तपासते. भाषा संचालनालयाने शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र आदी विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले, हे काम मोलाचे आहे. परंतु त्या कोशांची दिशा इंग्रजीकडून मराठीकडे आहे. इंग्रजी संज्ञा डावीकडे, तिला घडविलेला मराठी, बहुधा संस्कृतोद्भव पर्याय उजवीकडे. रुग्णाच्या तोंडच्या शब्दापासून निघून शास्त्राच्या संज्ञेकडे जाणारा कोश त्यांच्या जोडीला असावयास हवा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कोकणा आणि महादेव कोळी मातांची बोली विचारात घेतली तर ही निकड अधिकच जाणवते.

मराठीतून वैद्यक शिकविणे हा नवा हट्ट आहे, असे कोणी समजू नये. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले आणि त्यानंतर दोन दशकांच्या आत तेथे मराठी व गुजराती या देशी भाषांतील वर्ग सुरू झाले. इस्पितळांना साहाय्यकांची गरज होती आणि ते इंग्रजीतून पुरेसे मिळत नव्हते, हे त्यामागील व्यावहारिक कारण. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी त्या काळात वैद्यकावर मराठी ग्रंथ लिहिले. पुढे ही परंपरा खंडित झाली. पुण्याचे बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल १९४६ मध्ये महाविद्यालय झाले. देशभर अशा शाळांतील दुय्यम दर्जाचा शिक्षणक्रम बंद होऊन एकच ‘मूलभूत डॉक्टर’ असावा हा भोर समितीचा विचार त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. दर्जाच्या दृष्टीने तो विचार योग्य होता, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, दुय्यम शिक्षणक्रमाबरोबर देशी भाषेतील वैद्यकीय लेखनाची गरजच सरकारी दृष्टीतून नाहीशी झाली. दर्जा आणि भाषा या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. त्या एकाच गाठोड्यात बांधून टाकून दिल्या गेल्या.

या पार्श्वभूमीवर नाशिक जिल्ह्यातच, दिंडोरीस, व्यवसाय केलेल्या डॉ. श्याम अष्टेकर यांचा ‘भारतवैद्यक’ हा ग्रंथ वाङ्मयीन दृष्टीनेही विचारास पात्र ठरतो. गावपातळीवरील आरोग्यसेवकासाठी मराठीत लिहिलेला हा विस्तृत ग्रंथ आहे, डॉ. अष्टेकरांचा मुक्त विद्यापीठातील आरोग्यशिक्षणाशीही निकटचा संबंध आला. ग्रंथाचा पहिला गुण त्याच्या रचनेत आहे. रोगाच्या नावापासून आरंभ न करता लक्षणापासून आरंभ करून, एकेका प्रश्नाच्या उत्तरानुसार वाट फुटत जाणारे तक्ते त्यात आहेत. ताप आहे; थंडी वाजते का? मान आखडली आहे का? ही रीत म्हणजे एका जाणत्या डॉक्टराचे मनातल्या मनात चालणारे बोलणे कागदावर उघड करणे होय. दुसरा गुण त्याच्या शब्दांचा. जेथे चालता मराठी शब्द आहे तेथे लेखकाने घडीव शब्दाकडे धाव घेतलेली नाही. आणि जेथे इंग्रजी शब्दच लोकांच्या तोंडी रुळला आहे तेथे तो सोवळेपणाने टाळलेलाही नाही.

परंतु गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आधुनिक औषधांबरोबर आयुर्वेद, होमिओपॅथी यांतील उपचारही या ग्रंथात शेजारी शेजारी दिलेले आहेत. गावात जे उपलब्ध असेल त्याचा उपयोग व्हावा, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि कोणत्या उपचाराला कोणत्या प्रतीचा पुरावा आहे हे तारतम्य नवशिक्या वाचकाला त्या मांडणीतून सहज कळत नाही; आणि ज्याला विचारावयास जवळ कोणी नाही त्याला तर ते कळणे अधिक अवश्य आहे. दुसरी मर्यादा ग्रंथ या माध्यमाचीच आहे. एवढा मोठा ग्रंथ एकट्याने वाचून पचविणारी व्यक्ती अगोदरच बरीच शिकलेली असते. मेक्सिकोच्या डोंगरी खेड्यांसाठी डेव्हिड वर्नर यांनी स्पॅनिशमध्ये लिहिलेले आणि पुढे जगभर गेलेले ‘जेथे डॉक्टर नाही’ या अर्थाचे पुस्तक चित्रांच्या आधाराने ही अडचण काहीशी टाळते. टाळते, संपवीत नाही.

ती संपविण्याचे दोन प्रयत्न महाराष्ट्रात झाले. ते ग्रंथालयात सापडत नाहीत, म्हणूनच विद्यापीठीय चर्चेत त्यांची गणना क्वचित होते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी निवडलेल्या ग्रामआरोग्यसेविकांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत, एकमेकींच्या चुका दुरुस्त करीत आणि नवीन काही शिकून परत जात. पाच वर्षांत आठवडे २६० होतात. ३० तासांच्या शेजारी ही संख्या ठेवणे काहीसे अन्यायाचे आहे, हे मी जाणतो. तरीही ती ठेवतो. येथे पाठ्यपुस्तक म्हणजे मागील आठवड्याचे गाव. विस्मरणाला अवकाश मिळण्यापूर्वीच उजळणी होत असे, आणि सांगणारी बाई स्वतःच्या भाषेत सांगत असल्यामुळे तिला काय समजले आणि काय समजले नाही हे लपत नसे.

दुसरा प्रयत्न गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे असा प्रश्न होता की, ज्या सुइणीला मोठी संख्या मोजता येत नाही तिने बालकाचे श्वास कसे मोजावे? दोन महिन्यांच्या आतील मुलाचे मिनिटाला ६० आणि त्याहून मोठ्याचे ५० श्वास ही त्यांनी मर्यादा धरली होती. त्यांनी एक साधा श्वासमापक केला. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. ओळीतील शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. या साधनाकडे मी एक उत्तम भाषांतर म्हणून पाहतो. मूळ संहितेतील अर्थ तसूभरही कमी न करता तो वाचकाच्या आटोक्यात आणणे ही भाषांतराची कसोटी असेल, तर येथे ती पुरी उतरली आहे. याच जोडप्याचा घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविका, ४७ गावे तुलनेसाठी. आणि नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. पुढे आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात ही पद्धत देशभर आली.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. वैद्यकाचे नवे ज्ञान इंग्रजीत निर्माण होते. डॉक्टराला ते इंग्रजीतच मिळवावे लागेल. निरंतर शिक्षण मराठीत आणले तर तो जगाच्या मागे पडेल. या आक्षेपातील पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे त्यांपासून निघत नाही. संशोधननिबंध इंग्रजीत वाचावा, यात कोणाचे दुमत नाही. परंतु तो निबंध वाचून प्राथमिक आरोग्यकेंद्रातील आपल्या सहकाऱ्यांना आणि समोरच्या आईला तो काय सांगणार, हा शिक्षणाचा उत्तरार्ध आहे, आणि श्रेयांकाच्या कोणत्याही सत्रात तो घेतला गेल्याचे मी तरी पाहिलेले नाही. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने चालविलेल्या आधुनिक औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमावरून २०२५ मध्ये जो तीव्र वाद झाला, त्यातही हेच वैगुण्य दिसले. २०१४ च्या कायदेदुरुस्तीपासून त्या वादाचा रोख नोंदणी आणि अधिकार यांवरच राहिला. त्या वर्षात नेमके काय शिकविले जाते, कोणत्या रुग्णांच्या सान्निध्यात शिकविले जाते आणि शिकलेले टिकते का, याची चिकित्सा दोन्ही पक्षांकडून फारशी ऐकू आली नाही.

भाषाविभागांच्या वाट्याला यातील जे काम येते ते मर्यादित आहे, परंतु नेमके आहे. म्हसरूळहून निघालेला रस्ता दिंडोरी आणि वणी मागे टाकून बोरगावापर्यंत जातो आणि तेथून सुरगाण्याला फाटा फुटतो. त्या वाटेवरील आरोग्यकेंद्रांत दररोज माता मुलांना घेऊन येतात आणि दुखण्याचे वर्णन करतात. ते वर्णन तपासणीच्या कागदावर उतरताना इंग्रजी संज्ञा होऊन बसते आणि मूळ शब्द तेथेच संपतो. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका पावसाळ्यात, परिचारिकांच्या मदतीने, हे शब्द ज्या वाक्यात आले त्या वाक्यासह टिपून घेतले आणि प्रत्येकाशेजारी तपासणीनंतरचे निदान लिहिले, तर ‘पोट उडतंय’ असे म्हणणाऱ्या किती मातांच्या मुलांना खरोखर न्यूमोनिया होता, हे त्या वहीवरून सांगता येईल. चहाच्या वेळी त्या परिचारिकेने हेच विचारले होते.