दीर्घ पर्जन्यनोंदींचे प्रामाण्य : सोलापूरच्या संदर्भात

नोंद जितकी जुनी तितकी ती अधिक विश्वसनीय, असा एक समज हवामानाच्या अभ्यासात रूढ आहे. तो पारखण्यास सोलापूर जिल्हा विशेष सोयीचा होय. येथे पावसाचे दिवस थोडे. त्यातही सप्टेंबरच्या मोजक्या गडगडाटी सरींवर वर्षाची बेरीज आणि रब्बी ज्वारीची पेरणी पुष्कळशी अवलंबून असते. अशा प्रदेशात एका दिवसाची नोंद हुकली तरी महिन्याचे चित्र पालटते.

डी. एस. पै व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेली दैनिक पर्जन्यमाला ही या क्षेत्रातील मोठी कामगिरी आहे. १९०१ ते २०१० या काळातील ६,९५५ केंद्रांच्या नोंदी तीत पाव अंशाच्या चौकटींत मांडल्या आहेत. परंतु ही सर्व केंद्रे सर्व काळ चालू नव्हती. त्यामुळे एखाद्या चौकटीचा आकडा एका दशकात तेथीलच पर्जन्यमापकावरून, तर दुसऱ्या दशकात दूरच्या केंद्रांवरून काढलेला असू शकतो. दूरच्या नोंदींच्या भारित सरासरीत स्थानिक मुसळधार पाऊस सौम्य होतो. लिन व हायबर्स यांनी २०१९ साली, केंद्रांच्या जाळ्यातील बदलांमुळे अतिवृष्टीचे भासमान कल उद्भवू शकतात, हा आक्षेप मांडला. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तथापि, यावरून संपूर्ण माला त्याज्य ठरत नाही. विस्तृत प्रदेशाच्या मोसमी सरासरीसाठी ती उपयुक्तच आहे. दोष आहे तो एका चौकटीच्या आकड्यांना एका गावचा इतिहास समजणाऱ्या अभ्यासकाचा.

मूळ नोंदवहीचेही असेच आहे. 'शून्य' म्हणजे पाऊस पडला नाही. कोरी जागा म्हणजे मोजणी झाली नाही. कोरड्या मुलखात या दोहोंची गल्लत सहज घडते, आणि त्यातून खोटा दुष्काळ निर्माण होतो. मापकाची जागा बदलणे, शेजारी झाड वा इमारत उभी राहणे, वाचनाची वेळ न पाळणे, यांनीही मालेत खंड पडतो. म्हणून बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट येथील संचित बेरजांशी सोलापूरच्या बेरजा ताडून पाहणे आणि केंद्राचा इतिहास नोंदींसोबत जपणे अगत्याचे आहे.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. दुष्काळाची घोषणा सरासरीपासूनच्या तुटीचा आधार घेते. ती सरासरीच सदोष असेल, तर तुटीचे मापही चुकते आणि त्याची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते.