शेजारधर्म आणि नागरिकत्व

ख्रिस्ती श्रद्धेने राजकारणात उतरावे की अलिप्त राहावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे कार्य पाहता हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीचे ते नेतेही होते. शेती, वाड्या आणि विहिरींचे पाणी बांधकामांपासून वाचावे, ही मागणी धर्मगुरूने मांडली. परंतु ती ख्रिस्ती समाजाची नव्हे, वसईकरांची होती. म्हणजे श्रद्धेने येथे हक्क दिला नाही, दायित्व दिले. मागणीची भाषा मात्र नागरिकाचीच राहिली.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा रोखही हाच आहे. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर तेथे जातीकुळाने नव्हे, कृतीने मिळते. अर्थात, वसईत स्वहित आणि शेजारधर्म एकत्र नांदत होते. खरी कसोटी ते वेगळे होतात तेथे लागते. २०१४ पासून वसई ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात जव्हार तालुक्यातील जामसर हे गाव आहे. १९९२-९३ मध्ये याच तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. तेथे ख्रिस्ती नागरिकाचे स्वतःचे शेत वा विहीर पणाला लागलेली नसते. तरीही तो बोलतो का, यावरच त्याच्या शेजारधर्माचे मोल ठरते.