विरजण आहे, दूध कुठे?

अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ‘जीवामृत’ देशभर पोचवले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कृती सोपी आहे. एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती ड्रममध्ये ४८ तास आंबवायची. हे खत नसून विरजण आहे, असे पाळेकर सांगतात. गूळ-बेसनावर पोसलेले जिवाणू मातीतली अन्नद्रव्ये पिकाला मोकळी करून देतात, असा त्यांचा दावा.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. ड्रममध्ये जिवाणू वाढतात का? निश्चित वाढतात. गुळातून त्यांना ऊर्जा मिळते, बेसनातून नत्र. पण शेतात पडल्यावर त्यांनी खायचे काय?

हिशोब करू या. दोन किलो गुळात कार्बन सुमारे ८०० ग्रॅम. एकरभर शेतातील वरच्या १५ सेंटीमीटर मातीचे वजन सुमारे ८ लाख किलो. तिच्यात सेंद्रिय कार्बन अवघा अर्धा टक्का धरला, तरी ४,००० किलो होतो. म्हणजे गुळाची भर पाच हजारांत एक. तीही बरीचशी ड्रममध्येच संपलेली. उरलेली साखर जिवाणू काही दिवसांत फस्त करतात आणि उपासमारीने त्यांची संख्या पुन्हा घटते. एका ड्रममधले नत्रही जेमतेम पाव किलो. कपाशीला ते एकरी कित्येक किलो लागते.

विरजणाला दूध हवे. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत ते काम काडीकचरा करतो. एक टन वाळलेल्या पऱ्हाटीत सुमारे ४०० किलो कार्बन असतो, म्हणजे ५०० ड्रमांमधल्या गुळाइतका. तीच पऱ्हाटी आपण धुऱ्यावर पेटवतो! कच्ची गाडली तर जिवाणू मातीतलेच नत्र उचलतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून ती बारीक करून, शेण घालून आधी कुजवावी.

पाळेकरांच्या पद्धतीत आच्छादन आणि आंतरपीकही आहे. शेतकऱ्यापर्यंत मात्र बहुधा ड्रमच पोचतो. त्याच्या भरवशावर खत बंद करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा अख्खा हंगाम पणाला लागतो.

शाळेत हे तपासता येईल. एकाच मातीच्या बारा कुंड्या घ्या. तीनांना पाणी, तीनांना जीवामृत, तीनांना गुळाविना केलेले जीवामृत द्या आणि तीनांत कंपोस्ट मिसळा. प्रत्येकीत सारख्या वजनाची सुती चिंधी पुरा, ओल सारखी ठेवा. महिन्याने चिंध्या धुऊन, वाळवून तोला. अंदाज मात्र आधीच वहीत लिहून ठेवा.