वेणूचा वारसा
(पन्नालाल घोष यांच्या कारकीर्दीचा एक विचार)

मुरलीधराचे रूप आपल्या डोळ्यांना इतके सवयीचे झाले आहे की, त्याच्या हातातील वेळू हे एक वाद्य आहे, याचाच आपणांस विसर पडतो. देवळात पहाटे सनई-चौघडा वाजतो, भजनाला टाळ-पखवाज लागतात, आरतीला घंटा-झांजा घणघणतात. देवाच्या ओठांशी असलेली बासरी मात्र पाषाणात मूकच राहते. सनई देवळाच्या दारातून मैफलीत गेली. दक्षिणेत मुरलीला कचेरीत मानाचे स्थान पूर्वीच लाभले होते. उत्तर हिंदुस्थानी संगीतात मात्र बासरी म्हणजे गुराख्यांचे, लोकगीतांचे, फार तर नाटक-चित्रपटांतील साथीचे वाद्य, अशीच समजूत दीर्घकाळ होती. तिला ख्यालाच्या मैफलीत स्वतःच्या हक्काने बसविण्याचे श्रेय पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांस दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते श्रेय नेमके कशाचे, याचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही.

पूर्व बंगालमधील बारिसाल येथे जन्मलेल्या या मुलाला बालपणी एका साधूने बासरी दिली आणि संगीतानेच तुझे कल्याण होईल असे सांगितले, अशी कथा प्रचलित आहे. कथा गोड आहे. पण साक्षीपुराव्याच्या व्यवसायात अर्धे आयुष्य घालविलेल्या माणसाला तिची एक भीती वाटते. प्रसाद म्हणून मिळालेल्या वस्तूचे आपण पूजन करतो, परीक्षण करीत नाही. बासरी ऐकली की आपण भाविकपणे डोळे मिटतो आणि यमुनातीर पाहू लागतो. समोर कोणता राग चालला आहे, मध्यमावरून पंचमाकडे वादक कसा गेला, याकडे आपले लक्ष राहत नाही. हा वादकावर अन्यायच होय.

पन्नालालांपुढील अडचण भक्तीची नव्हती, बांबूची होती. आखूड बासरीचा आवाज उंच आणि तीक्ष्ण. तिच्यात विलंबित ख्यालाचे गांभीर्य येईना. म्हणून त्यांनी सुमारे बत्तीस इंच लांबीची बासरी प्रचारात आणली. लांबी वाढली की स्वर खाली उतरतो, पण छिद्रे परस्परांपासून दूर जातात, बोटे ताणावी लागतात आणि फुंकही अधिक लागते. तारुण्यात व्यायाम व मुष्टियुद्ध यांची आवड जोपासलेल्या या वादकाला तो दमसास साधला.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. सहा छिद्रांच्या बासरीत सर्व छिद्रे उघडी असता तीव्र मध्यम वाजतो आणि सर्व झाकली असता पंचम. म्हणजे कानाला शेजारी असलेले हे दोन स्वर बोटांना मात्र दोन टोकांचे! यमनात किंवा बिहागात एकातून दुसऱ्यात अलगद शिरणारी मींड तेथे घ्यावी कशी? पन्नालालांनी खालच्या बाजूस सातवे छिद्र पाडले. सहाही छिद्रे झाकून ते करंगळीने बंद केले की पंचमाखालचा तीव्र मध्यम मिळतो, आणि करंगळी हळूहळू उचलली की तोच स्वर न तुटता पंचमात विरतो. गाता गळा जे सहज करतो, ते वेळूला करता यावे यासाठी ही योजना होती. केसरबाई आणि मोगूबाई यांच्या गायनावर ज्यांचा कान घडला, त्या आपल्या प्रांतातील रसिकांना या एका मींडेचे मोल निराळे सांगावयास नको. त्यांच्या ध्वनिमुद्रित यमनात नेमकी हीच जागा ऐकावी.

आणखी एक गोष्ट मला या शोधाहूनही मोठी वाटते. १९४२ साली ‘बसंत’ या चित्रपटाचे संगीतकार म्हणून त्यांचे नाव झाले. पूर्वी खुशी महंमद खाँ व गिरिजाशंकर चक्रवर्ती यांची तालीम त्यांस मिळाली होती. तरीही १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, नावलौकिक असलेला हा कलावंत अल्लाउद्दीन खाँ यांच्यापुढे शिष्य म्हणून बसला. जो स्वतः शिकावयाचा थांबला नाही, तोच शिकवू शकतो. १९५६ पासून दिल्लीस आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालन त्यांनी केले. दीपावली, पुष्पचंद्रिका असे राग निर्माण केले. आणि २० एप्रिल १९६० रोजी, पन्नाशीही न गाठता, ते निवर्तले.

दोषांचीही नोंद केली पाहिजे. त्यांचा द्रुतातील तानेचा पल्ला विलंबितातील विस्ताराच्या तोडीचा नव्हता, असे माझे मत आहे. जलद लयीतील चमक आणि तंतकारी अंग पुढे हरिप्रसाद चौरसिया यांनी बासरीत अधिक फुलविले. त्यांनी सातव्या छिद्राचाही आश्रय घेतला नाही. वाद्यवृंदाच्या रचनांत पन्नालालांची कल्पकता दिसते, पण एकट्या बासरीतील एकाग्रता तेथे विखुरली जाते.

मग त्यांचा वारसा कोणता? जुन्या धर्मशास्त्रात याविषयी दोन मते होती. मिताक्षरेप्रमाणे पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो; बंगालच्या दायभागाप्रमाणे तो पित्याच्या निधनानंतर. विद्येच्या बाबतीत दोन्ही मते लटकी पडतात. येथे हक्क ना जन्माने मिळतो ना मृत्यूने. तो रियाजाने मिळतो, आणि तोही गुरू हयात असता. पन्नालालांचे प्रमुख शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर (१९२३-२०००) हे त्यांचे जावईही होते. पण त्यांस वारसा लाभला तो शिष्य म्हणून. दुसरे शिष्य व्ही. जी. कर्नाड. नित्यानंद हळदीपूर यांचा आरंभ पन्नालालांचे शिष्य असलेल्या वडिलांपाशी झाला, पुढे त्यांस मुर्डेश्वरांची तालीम लाभली. मुर्डेश्वर, कर्नाड, हळदीपूर ही कारवारच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावरील गावांची नावे आहेत, हे आमच्या वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. बारिसालच्या नदीकाठची बासरी कोंकणी आडनावांच्या हाती आली, ती रक्ताच्या नात्याने नव्हे.

या वारशाची खरी परीक्षा पुढे झाली. हळदीपूर यांनी १९८६ पासून अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांच्याकडे तालीम घेतली. चौरसियाही त्यांचेच शिष्य. आपली निष्ठा पटविण्यासाठी त्यांनी बासरी धरावयाचे हात बदलून पुन्हा आरंभापासून धडे घेतले आणि पुढे मुंबई व भुवनेश्वर येथे गुरुकुले उभारली. म्हणजे पन्नालाल ज्या दारी गेले होते, त्याच घराण्याच्या दारी पुढच्या पिढीतील बासरीवादकही गेले. हा गुरूशी द्रोह नव्हे. ज्याने छत्तिसाव्या वर्षी नवा गुरू केला, त्याचा मार्ग शिष्याने शब्दशः गिरविला एवढेच.

घराणे म्हणजे गुरूच्या लकबींची नक्कल, असे मानणाऱ्यांस हे रुचणार नाही. परंतु पन्नालालांनी शिष्यांच्या हाती लकबी दिल्या नाहीत. एक वाद्य दिले आणि अपुऱ्या वाटणाऱ्या गोष्टीवर उपाय शोधण्याची सवय दिली. पुढच्या उत्सवात सभामंडपात कोणी बासरी घेऊन बसला, तर आपण डोळे उघडे ठेवावेत आणि त्याची करंगळी काय करते आहे, तेही पाहावे. देव तेवढ्याने रागावणार नाही.